वहिनीने मला बाहेर बसवलं

बुधवार, संध्याकाळ. शहापूर.

आज वहिनीला मुरबाडजवळच्या गावाहून इथल्या दवाखान्यात आणलं. दादा गेल्यापासून तिला धड जेवण नाही, झोप नाही. यंदा भाताच्या रोपांसाठी शेतात राबही भाजला नाही. गाव म्हणतं बाहेरचं आहे, भगताला दाखवा. आणि मी शहाणा सहा महिने काय म्हणत होतो? "वहिनी, मनावर घेऊ नका." ती गप्प व्हायची. मला वाटायचं, पटलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नैराश्य वाटतं का?"

"नाय."

"चिंता? उदासीनता?"

"नाय."

बाई कागद मिटायला लागल्या. माझी भातगिरणी आहे, दिवसभर बायकांचं बोलणं कानावर पडतं. असले शब्द त्यांच्या तोंडी कधी ऐकले नाहीत. म्हटलं, "मॅडम, घरात कसं वाटतं ते विचारा."

वहिनी माझ्याकडे वळली. "भावजी, तुमी बाहेर बसा. मी तोंड उघडलं की तुमी सांगाल, मनावर घेऊ नका."

बसलो बाहेर. मध्ये नुसता पडदा, आणि माझे कान हे असे. "चूल मीच पेटवते, पोरांना मीच वाढते, पण त्या घरात मी नाय हो."

इतकं स्पष्ट आमच्या घरात कधी कोण बोललं होतं? मग अर्धा तास ती बोलतच राहिली. नंतर कागद पाहिला; बाईंनी तिचंच वाक्य जसंच्या तसं लिहिलेलं.

गोळ्या मिळाल्या, पुढची तारीख मिळाली. म्हटलं, न्यायला गाडी घेऊन येतो.

"नको. एस्टीनं येईन, एकटीच."

असा नकार ऐकून छाती फुगलेला दीर दोन्ही तालुक्यांत दुसरा नसेल.