बाहेर नेलेली चूल

अण्णा, आज आंबिवलीला जाऊन आले. आपल्या घराच्या जागी इमारत आहे, हे ठाऊक होतं. तरी फाटकापाशी उभी राहून मी वर छप्परच शोधत होते.

आपलं गवताचं छप्पर. दर वैशाखात तुम्ही आणि शेजारचे काका ते शाकारायचात, मी खालून पेंढ्या द्यायची. ओढ्यापलीकडचं घर जळालं त्या उन्हाळ्यात तुम्ही विम्याचं मनावर घेतलंत. स्वातंत्र्य येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. कल्याणहून विम्याचा माणूस आला. सारवलेल्या अंगणातून बूट सांभाळत चवड्यांवर चालणारा तो माणूस मला अजून दिसतो. तो आधी छप्पर बघतो, मग चूल बघतो आणि हसतो.

"गवताखाली जाळ? कंपनी मला वेड्यात काढेल हो. चूल बाहेर न्या, मग बोलू."

"मग आम्हीही बाहेरच राहतो," आई आतून म्हणाली. "आत तुमची कंपनी राहू दे."

"अगं, त्या घरातली नुसती भांडी उरली. बघितलंस ना?" तुम्ही आवाज न चढवता म्हणालात. काकांनी परसात चार खांबांची खोपी उभारली आणि चूल तिथे गेली. पावसाळ्यात आई डोक्यावर इरलं घेऊन भाताचं पातेलं आत आणायची आणि दारात पाय पुसता पुसता म्हणायची, "घ्या, विम्याचा भात."

कागद झाले. तुम्ही निश्चिंत झालात.

दुसऱ्या वर्षी अंथरुणावर पिवळसर भुकटी पडायला लागली. आई झाडायची, सकाळी पुन्हा तेच. वैशाखात काका वर चढले आणि त्यांच्या पायाखाली वासा कडकन मोडला. हातातला बांबूचा तुकडा त्यांनी फुंकला तर आत सगळं पीठ.

"वयनी, धूरच नाय घरात. किडा मरंल कशानं?" म्हणाले, आणि स्वतःच डोक्याला हात लावून बसले. खोपी त्यांनीच बांधली होती. गावात तोवर कुणी चूल घराबाहेर काढलीच नव्हती. आपलं छप्पर धुरावर उभं आहे हे कुणाला कळणार? निम्मे वासे बदलले, तरी श्रावणात पाठची बाजू खाली आली. दुपार होती. आई आणि मी ओटीवर होतो म्हणून वाचलो.

तुम्ही कंपनीत जाऊन आलात. छत्री कोपऱ्यात ठेवलीत. "आग लागलेली नाही म्हणतात," एवढंच बोललात.

"म्हणजे जळलं असतं तर वाचलं असतं म्हणा," आई म्हणाली. एरवी तुम्ही हसला असतात. त्या दिवशी पानावरून तसेच उठलात.

पुढे कल्याणची खोली, दाराला लागून स्टोव्ह, कोंडलेला धूर. घराचा विषय निघाला की तुम्ही उठून गॅलरीत जायचात. शेवटच्या आजारपणातही म्हणालात, "चांगलं घर होतं. मी घालवलं."

आज त्या फाटकापाशी मला वेगळंच आठवलं. आई दुपारी पोथी वाचायची. चूल घरात होती तेव्हा दर दोन-चार ओळींनी खोकल्याची उबळ यायची, तांब्या जवळ घेऊनच ती बसायची. उघड्या खोपीत चूल गेल्यावर तो खोकला थांबला. त्या दोन वर्षांत ती अख्खा अध्याय एका सुरात वाचायची आणि तांब्या तसाच भरलेला राहायचा. कल्याणला खोकला परत आला आणि पोथी फडताळात गेली.

दुपारी तुम्ही कामावर असायचात, अण्णा. ते वाचन तुम्ही कधी ऐकलंच नाही.

ऐकणारी घरात मी एकटीच होते, आणि मला त्या आवाजाने झोप यायची.