आत श्यामला, बाहेर आशालता

॥ श्री ॥
लोअर हट,
१२ फेब्रुवारी २००७

तीर्थस्वरूप ताईस,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुला फोनवर ऐकू येईनासं झालं हे एका परीनं बरंच झालं, नाहीतर तुझी पत्रं केव्हाच बंद पडली असती. माझा खुबा आहे तसाच आहे. वृद्धांच्या या नर्सिंग होममध्ये येऊन मला दोन वर्षं झाली. मेरे नावाची माओरी बाई रोज सकाळी किया ओरा, म्हणजे त्यांचा नमस्कार, म्हणत पडदे सरकवते आणि मी चहात आलं नाही म्हणून कुरकुरते. एकूण छान चाललंय.

आता मोठी बातमी, आणि हसू नकोस. सरकारच्या मते मी यांची बायकोच नाही!

झालं असं. नवरा घरात राहत असला तर ते घर बायकोच्या मालमत्तेत धरायचं नसतं, आणि मग इथली बरीचशी फी सरकार भरतं. आमच्याकडून मात्र दोन वर्षं पुरी फी घेतली. नियमच असेल म्हणून आम्ही भरत राहिलो. साठवलेलं संपलं, गाडी विकली, हे रोज बसनं येतात, आणि श्रीनाथ आता मे महिन्यात घर विकायचं म्हणतोय. मुलाचंही चुकत नाही. पण घर गेलं की हे त्याच्याकडे वेलिंग्टनला, टेकडीवरच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथून रोज माझ्याकडे येणं अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी व्हायचं नाही. यांच्याशिवाय दिवस कसा घालवायचा ते मला ठाऊक नाही, ताई.

तर गेल्या आठवड्यात ही फी ठरवणाऱ्या सरकारी खात्यातली एक नवीन बाई आली आणि तिनं यांना हळूच विचारलं, की तुमच्या पत्नी श्यामला सध्या कुठे असतात? व्हिसासाठी काढलेल्या लग्नाच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव पडलंय आणि पासपोर्टवर आशालता. म्हणजे कागदोपत्री यांची बायको श्यामला बेपत्ता, आणि अर्ध्या घराची मालकीण आशालता ही यांच्याकडे राहणारी कोणी परकी बाई. यांचा चेहरा बघायला हवा होतास!

दोन्ही नावं एकाच बाईची असं सिद्ध झालं, तर जास्तीची फी परत मिळेल आणि घर वाचेल. मुदत ३० एप्रिलची आहे. तुझ्याकडे एखादा कागद सापडतो का बघ.

लोभ आहेच, तो मोठ्या अक्षरात लिहीत जा, चष्मा जुना झालाय.

तुझी,
आशालता


॥ श्री ॥
पुणे,
२६ फेब्रुवारी २००७

चि. श्यामला हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

खाली सही तू कुठल्याही नावानं कर, मी ती वाचत नाही.

पत्र वाचून एकटीच इतकी हसले की सुचित्रा स्वयंपाकघरातून धावत आली. सासूला काय झालं असं वाटलं असेल बिचारीला. काशिनाथरावांना सांग, या वयात दोन-दोन बायका सांभाळणं सोपं नाही, तब्येतीला जपा.

तुझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेव्हाच मी तोंड वाकडं केलं होतं. माझंही बदललं होतंच की. मी चार दिवस त्या नावाला ओ दिली नाही. शेवटी सासूबाईंनी नाद सोडला आणि मी वसुंधराच राहिले. तू पहिल्यापासून गरीब गाय.

लग्नपत्रिका सापडली, पण तिच्यात नुसती श्यामला आहे. म्हणून मी नोटरीकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं, की या दोघी एकच आणि ती माझी सख्खी धाकटी बहीण. सोबत पाठवते. त्या तरुण नोटरीला वाटलं मालमत्तेचा वाद आहे. मी म्हटलं, वाद आहे, पण नावाचा.

घर विकायची घाई करू देऊ नकोस. आशीर्वाद भरपूर आहेत, पुरवून वापर.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
लोअर हट,
२० मार्च २००७

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

प्रतिज्ञापत्र चाललं नाही. बहीण आज काय सांगते ते नको, जुना कागद हवा, आणि एकाच कागदावर दोन्ही नावं हवीत, असं खात्यानं कळवलं. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी एकदम आठवलं आणि यांना घरून बिस्किटांचा डबा आणायला लावला. त्यात तुझी सगळी पत्रं आहेत.

अगं, तुझी अंतर्देशीय पत्रं! बाहेर पोस्टमनसाठी तू लिहायचीस सौ. आशालता काशिनाथ दिवेकर, सोलापूर, आणि आत चि. श्यामला. कागद एकच, घडी घातलेला, वर पोस्टाचा शिक्का. सुजाता म्हणून एक मराठी मुलगी वेलिंग्टनमध्ये अधिकृत भाषांतरं करते. ती म्हणाली, याहून चांगला पुरावा शोधूनही मिळायचा नाही.

अडचण पुढेच आहे. शिक्का नीट वाचता येतो असं एकच पत्र आहे, १९५६ सालचं. आठवतंय का त्यात काय लिहिलंयस? यांना लंबूटांग म्हटलंयस. आणि पुढे, म्हैस विकली तरी तिचं नाव कोणी बदलत नाही, मग माझ्या बहिणीचं बदलणारे हे कोण, असं विचारलंयस. भाषांतर पूर्ण पत्राचं होतं आणि त्याच्या प्रत्येक पानावर यांची सही लागते. यांनी तुझं पत्र स्वतः कधी वाचलेलं नाही. मी वाचून दाखवायची आणि तेवढं गाळायची.

तुझ्या परवानगीशिवाय देणार नाही. लवकर कळव, मुदत सरत आली तरी लोभ सरू देऊ नकोस.

तुझी,
आशालता


॥ श्री ॥
पुणे,
३ एप्रिल २००७

चि. श्यामला हिस अ. उ. आ.

देऊन टाक. स्पीड पोस्टानं लिहिते आहे म्हणून थोडक्यात.

तुझं पत्र वाचून मला प्रथमच लाज वाटली. तू सासरी गेलीस आणि मला माहेरी आल्यावर घर खायला उठायचं. तुझी खाट तशीच होती. तो राग मी एका भल्या माणसावर काढला. जो म्हातारा रोज बसनं बायकोकडे जातो, त्याला मी लंबूटांग म्हटलं. त्यांना वाईट वाटलं तर माझ्या वतीनं माफी माग.

म्हशीचं वाक्य मात्र मागे घेत नाही. ते बरोबरच आहे.

निकाल कळेपर्यंत जीव टांगणीला आहे, तेव्हा आशीर्वादही श्वास रोखूनच पाठवते.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
लोअर हट,
१८ जून २००७

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

घर वाचलं! परवा खात्याचं पत्र आलं. चूक आमची, दोन वर्षांची जास्तीची फी परत करत आहोत, झाल्या त्रासाबद्दल क्षमस्व. काल पैसे बँकेत जमाही झाले. श्रीनाथनं घर विकायची पाटी काढून गॅरेजमध्ये टाकली. आता पैसे आलेत तर गाडी घ्या, असं यांच्या मागे लागलाय. हे म्हणतात बस बरी, ड्रायव्हर ओळखीचा झालाय. शेजारणीनं फिजोआ दिले, इथलं पेरूसारखं फळ, त्यांचा यांनी मुरंबा केला. गोड मिट्ट झालाय, पण मेरे बोटानं चाटून खाते.

ती खात्यातली बाई स्वतः भेटायला आली होती. सुजाताचं भाषांतर तिच्या कचेरीत सगळ्यांनी वाचलं म्हणे. त्या म्हशीला काय नाव होतं असं तिनं विचारलं. मी सांगितलं, ते ताईलाच ठाऊक. तेवढं कळव.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. एप्रिलमध्ये सह्या करायच्या दिवशी यांनी तुझं मूळ पत्र माझ्यासमोर बसून वाचलं. सावकाश, दोनदा. सह्या केल्या, टोपी घातली आणि बस गाठायला गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी दिवसभर दाराकडे बघत होते आणि तुझ्यावर मनातल्या मनात चिडले होते, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, ते नाव आत्यानं ठरवलं होतं, आपण नुसतं ताटात गिरवलं. पत्रिकेत छापलेलं नाव आपल्याला आवडलं होतं, पण आत्यासमोर बोलायची हिंमत झाली नाही, आणि मग राहूनच गेलं.

ताई, बावन्न वर्षांत यांनी मला आशालता म्हणूनही कधी हाक मारली नाही. नुसतं अगं. इथं दारावरच्या पाटीत आशा, पासपोर्टात आशालता, आणि माझं नाव तेवढं तुझ्या पत्रात. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, तुझ्यानंतर ते घेणारं कोणी उरायचं नाही.

यांनी टोपी काढली आणि मला नावानं हाक मारली. मी ओ दिली ती इतक्या मोठ्यानं, की मेरे धावत आली.

आता तुझ्या कानात बसवायला यंत्र घेतलंय, परत आलेल्या पैशातून. श्रीनाथचा मित्र पुढच्या महिन्यात आणून देईल. ते लाव आणि फोन कर. तरीही पत्र सोडू नकोस. लोभ कागदावर असलेला बरा, वेळेला पुरावा होतो.

तुझी,
श्यामला