पहिल्या ओळीतला खेळ

जळगाव,
१२ जून २०२५

ती. प्रशीलदादास,
मृणालीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

भिंगरीवरून आपण फोनवर भांडलो तेव्हा फुईने आत्याच्या हक्काने मला आणि आईच्या हक्काने तुला बजावलं होतं, की यापुढे या कामाचं जे बोलायचं ते कागदावर लिहायचं आणि तिच्यासमोर मोठ्याने वाचायचं. तिला ऐकवता येणार नाही ते लिहायचंच नाही. म्हणून हे पत्र. फुई, तुलाही जय भीम.

बातमी अशी, की मला कारखान्यातून काढून ऑफिसात बसवलं आहे. फुई, भिंगरी म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. यंत्र आम्ही बनवतो, पण त्यावरचे गेम बहुतेक दादासारखी बाहेरची मंडळी बनवत. ती आता जवळजवळ सगळी सोडून गेली, आणि गेमच नसतील तर यंत्र कोण घेणार? आमचे मोठे साहेब, पितांबर सर, यांनी मला सांगितलं, त्यांना परत आण. घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे अप्पांना वाटतं मी आता कंपनीच चालवते. नशिराबादच्या पाहुण्यांनाही त्यांनी तसंच सांगून ठेवलं आहे. मला विशेष काही वाटलं नाही. खुर्ची दिली, बसले.

तुम्ही का गेलात ते खरं लिही. रागाने लिहिलंस तरी चालेल.

आहे ती माया राहू दे.
तुझी,
मृणाली

धुळे,
२० जून

चि. मृणालीस,
जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र आईला जेवणानंतर वाचून दाखवलं. भांडणाचा भाग गाळत होतो, तर म्हणाली, बठ्ठं वाच.

तर साहेबीणबाई, ऐका. लळिंग घाटातून एसटी न्यायचा गेम मी आणि भागीदार योगराजने आमच्या खोलीत बसून केला. तपासणीला तुमच्याकडे दिला. तपासणी लांबत गेली आणि आमचा गेम यंत्रावरच्या दुकानात लागायच्या आधी तुमच्याच कंपनीचा बसचा गेम लागला, यंत्र सुरू केलं की पहिल्या ओळीत. आमचा पार खाली. मग तुम्ही न सांगता यंत्रात काही बदललं आणि आमची बस मधल्या वळणावर उभी राहायला लागली. कळवलं, तर छापील उत्तर आलं, आपली तक्रार आम्हाला महत्त्वाची आहे. खाली कोणा माणसाचं नाव नाही.

विक्रीतला जास्त वाटा देऊ म्हणणारे तुमचे फोन पुष्कळ आले. त्याने कोणी परत येत नाही. तुमच्या ताईच्या लग्नात पंगत बसली तेव्हा सुपडूमामा, तुझे अप्पा, कुठे होते आठव. हातात वरणाची बादली. मांडव ज्याचा, तो शेवटी जेवतो. तुमच्या कंपनीने आम्हाला बोलावलं आणि स्वतःच पहिल्या पंगतीला बसली. आई म्हणते, निदान पत्रावळी तरी उचलते का, विचार.

मामांना जय भीम. राग कंपनीवर आहे, तुझ्यावर नाही, एवढं धरून चाल.
तुझा,
प्रशील

जळगाव,
५ जुलै

ती. दादास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझी पंगत मी मीटिंगमध्ये जशीच्या तशी सांगितली. कोणी हसलं नाही. पितांबर सर म्हणाले, घरचे शेवटी, हेच आपलं धोरण. पहिली ओळ बाहेरच्यांना. बाहेरचा गेम नवा असेपर्यंत कंपनी तसलाच आपला गेम आणणार नाही. यंत्रात बदल करायचा तर आधी कळवायचं. आणि विचारायला एक माणूस, नाव मृणाली.

कागदावर अजून काही आलेलं नाही. पण सगळ्यांसमोर बोलले. आपल्याकडे चारचौघांत सुपारी फुटली की कोणी सही मागत नाही, तसंच मी धरलं आहे. बाहेरच्यांतला पहिला तू ये. तुमचा नवा गेम तपासणीला पाठव. शब्द माझा.

फुईला सांग, पत्रावळी मी उचलेन.

विश्वास असू दे.
तुझी,
मृणाली

धुळे,
१४ जुलै

चि. मृणालीस,
जय भीम.

'पाटकरी' पाठवला आहे. पांझरेच्या पाटाचं पाणी पाळीपाळीने सगळ्यांच्या शेतात सोडायचं, कोणाचं पीक वाळू द्यायचं नाही, असा तो खेळ आहे. योगराज नको म्हणत होता. नाशिकची नोकरी त्याने यासाठीच लांबवली आहे, हा गेम गेला तर आम्ही दुकान बंद करू. आईने विचारलं, शब्द कंपनीचा की मृणालीचा? मी म्हटलं, मृणालीचा. मग पाठव, म्हणाली.

तब्येत जप. आमची आठवण ठेव.
तुझा,
प्रशील

जळगाव,
२९ ऑगस्ट

ती. दादास,
जय भीम.

गेम परत घे. करारावर सही करू नकोस.

आज मीटिंगमध्ये कंपनीचा दिवाळीचा गेम दाखवला. नाव 'कालवा'. पाणी पाळीपाळीने शेतांत सोडायचं. पहिल्या ओळीत लागणार आहे. मी उभी राहिले आणि म्हणाले, सर, तुम्ही सगळ्यांसमोर शब्द दिला होता. ते म्हणाले, ती दिशा होती, निर्णय नव्हता. आणि विचारलं, कुठे लिहिलं आहे का? त्या दिवशी खोलीत असलेले सगळे आजही होते. कोणी वर पाहिलं नाही.

मी सांगितलं, की हे मी माझ्या भावाला कळवणार आहे. कळवा, म्हणाले. मग डब्याची वेळ झाली. शेंगदाण्याची चटणी होती. चव लागली नाही, पण डबा संपवला. राग यायला हवा होता, आला नाही. रडूही नाही. अप्पांना अजून सांगितलं नाही.

हे फुईला गाळून वाचू नकोस.

पुढचं तुझ्या मनावर.
मृणाली

धुळे,
२१ सप्टेंबर

चि. मृणालीस,
जय भीम.

तुझं पत्र बठ्ठं वाचलं. आईने पत्राची घडी करून ठेवली. मग म्हणाली, पोरीने सांगितलं तरी.

गेम परत घेतला. तो सध्या आमच्याच संगणकात आहे. योगराज नाशिकला रुजू झाला. खोलीची किल्ली मालकाला दिली. मला काय वाटतं ते विचारू नकोस, अजून कळलेलं नाही.

काल तुमच्या कंपनीतून फोन आला. नवीन मुलगी होती, सावद्याची, बोलायला चांगली. म्हणाली, बाहेरच्या लोकांचा विश्वास परत मिळवायचा आहे, काय करावं लागेल? मी तुझी चौकशी केली. तू आता कारखान्यात खोकी भरण्याच्या विभागात आहेस, म्हणाली. बोलावू का, असंही विचारलं. मी नको म्हटलं. पण मुलगी मनापासून विचारत होती, म्हणून तिला एवढंच सांगितलं, की बाई, हातात कागद आल्याशिवाय कोणाला शब्द देऊ नकोस.

 ती म्हणाली, सकाळपासून तिघांना दिला.

माया आहे, ती तशीच आहे.
तुझा,
प्रशील