अनुक्रमांक दोनशे चौदा

६ ऑगस्ट

प्रिय अर्पिता,

तू फोन उचलत नाहीस, त्यात तुझी काही चूक नाही. बाप फोनवर तीनच वाक्यं बोलतो : जेवलीस का, तब्येत बरी का, ठेवतो. एवढ्यासाठी कोण उचलेल? म्हणून पत्र लिहितोय. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथला माणूस म्हणाला, "काय अण्णा, कोर्टाचं काम निघालं का?" आपल्या गावात आता कागदावर लिहायचं ते फक्त वकिलासाठी. मी म्हटलं, तसंच समज.

आधी गावाची खबर. युवराजचा बार उघडला. बरोब्बर एसटीच्या थांब्यासमोर. पाटीवर 'युवराज गार्डन, फॅमिली परमिट रूम' असं आहे. गार्डन म्हणजे दारातल्या दोन प्लास्टिकच्या कुंड्या, आणि फॅमिली अजून कुणाचीच दिसली नाही. वरच्या मजल्यावर 'रमी मनोरंजन क्लब'. उद्घाटनाच्या दिवशी युवराजनं मला मुद्दाम हाक मारून ऐकवलं, "अण्णा, तुम्ही फळ्यावर जुगार जुगार लिहिलं, पण ह्यो जुगार न्हाय. स्किल हाय, स्किल! पोरांच्या डोक्याला चालना." मी वाचनालयाचा पत्रा गळतो म्हणून पुस्तकांवर ताडपत्री घालणारा माणूस. डोक्याला चालना देणाऱ्या त्या हॉलला एसी बसलेला बघितला आणि मान डोलावली. एरवी दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या भिंतीवरच्या फळ्यावर त्याला चांगला धुतला असता. पण फळा अठरा दिवस कोरा आहे. लोक येतात, कोऱ्या फळ्याकडं बघतात, माझ्याकडं बघतात आणि जातात. सत्तावीस वर्षांत माझं एवढं एकमतानं वाचन कधी झालं नव्हतं.

लिंबाजीनं लेकीचं, गौरीचं, कॉलेज बंद केलं. धाराशिवला बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती पोरगी. पहिल्याच आठवड्यात थांब्यावर उभ्या असलेल्या पोरींना वरच्या खिडकीतून कुणीतरी हाका मारल्या, पत्त्यातल्या राण्यांच्या नावानं. कुणाला बदामची म्हटलं, कुणाला किलवरची. लिंबाजी मला म्हणाला, "झालं तेवढं शिक्षण लई झालं, अण्णा. रोज कुणाकुणाच्या तोंडाला लागू?" परवा गौरी वाचनालयाची दोन पुस्तकं परत करून गेली. एकात अर्ध्यावर बसचं तिकीट खूण म्हणून तसंच होतं. पूर्ण वाच की, म्हटलं, तर म्हणाली, "आता कशाला?" तिनं तक्रार म्हणून म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. वेळ विचारल्यासारखं म्हटलं.

तुला आठवतं का, तू कॉलेजला जायचीस तेव्हा तुझी आई रोज सकाळी कोथिंबीर आणायला थांब्यावर यायची? तीन वर्षं रोज कोथिंबीर. मी म्हणायचो, अगं आपण माणसं आहोत की शेळ्या? ती तुझी बस येईपर्यंत लिंबाच्या झाडाखाली पिशवी धरून उभी राहायची आणि बस गेली की मगच वळायची. तू खिडकीतून हात करायचीस तेव्हा ती दुसरीकडं बघायची, कारण ती तुझ्यासाठी आलेलीच नसायची ना, कोथिंबिरीसाठी आलेली असायची.

म्हणून युवराजला परवाना मिळाल्याचं कळलं तेव्हा सगळ्यात आधी तीच उठली. दिवाळीनंतर गावातल्या बायकांच्या सह्या गोळा करायला निघाली. अर्ज मी लिहून दिला होता. त्यात मी संस्कृती, भावी पिढी, अधःपतन असं सगळं भरलं होतं. तिनं वाचून परत दिला, "एवढं शहाणपण नको. आमच्या पोरी तिथं बसची वाट बघतात, तिथं बार नको, एवढंच लिहा." मी एवढंच लिहिलं, आणि तो अर्ज मंजूर झाला. माझ्या आयुष्यात कुणी संपादकानं माझं लिखाण एवढं कापलं नव्हतं आणि एवढं सुधारलंही नव्हतं.

मतदान फक्त बायकांचं, हे तुला माहीत आहे. कागदावर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर शिक्का मारला की बार नको. म्हाताऱ्यांना ते समजावं म्हणून तुझी आई घरातली फिनेलची बाटली पदराखाली घेऊन हिंडायची. ओट्यावर ती आडवी ठेवायची आणि म्हणायची, "हिला निजवायचं. निजलेलीवरच शिक्का. उभी दिसली की हात लावायचा न्हाय." लिंबाजीच्या आईनं, मुक्ताबाईनं, तिला विचारलं होतं, "अगं द्वारके, पण निजवली तर सांडंल की!" सगळा ओटा हसला होता. मुक्ताबाई डिसेंबरात गेली. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघताना तुझी आई तिळगुळाचं ताट हातात घेऊन उंबऱ्यात बसली, ती उठलीच नाही. पुढचं तुला सांगायला नको. तू तेव्हा सहा तासांत पुण्याहून आली होतीस.

बाकी बायकांनी काम सोडलं नाही. माझ्याकडं एक काम दिलं, कारण मला लिहिता येतं आणि मला दुसरं काही येत नाही. नियम असा की मतदानाला आलेल्यांच्या अर्ध्या नव्हे, यादीत जेवढ्या बायकांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या अर्ध्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे जी आली नाही ती बारच्या बाजूची, आणि जी मेली पण यादीत राहिली तीही बारच्याच बाजूची. म्हणून मेलेल्या बायकांची नावं यादीतून काढायची. त्याला सात नंबरचा फॉर्म असतो. शाळेतले श्रीनाथ गुरुजी यादीचं काम बघतात, त्यांनी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. बायकांनी एकच अट घातली होती : दुसऱ्याच्या घरचं मेलेलं माणूस आपण खोडायचं नाही, घरच्या माणसानंच सही करायची. मला ते तेव्हा फार आवडलं होतं.

मी घरोघर हिंडलो. काय एकेक नमुने भेटले! एकानं विचारलं, बायकोचं नाव काढलं तर रेशन कमी होईल का? एक म्हणाला, सासूचं काढा पण आधी खात्री करा, ती परत येणाऱ्यातली आहे. पण लिंबाजी सहीच करीना. मुक्ताबाईचं नाव खोडायचं म्हटलं की तो गोठ्यात जायचा. तिसऱ्यांदा गेला तेव्हा मला राग आला आणि मी फळ्यावर लिहिलं : 'आमच्या गावातल्या बायका मेल्यावर सरळ युवराजच्या प्रचाराला जातात. त्यांना तिथं पाठवणारे मुलगे गावात छाती काढून फिरतात.' नाव घातलं नव्हतं, पण आपल्या गावात नाव घालावं लागत नाही. दुपारी लिंबाजी वाचनालयात आला. सही केली, आणि सहीवर बोट ठेवून तसाच उभा राहिला. म्हणाला, "आत्तापर्यंत कुठंतरी व्हती." मी फॉर्म ओढून घेतला. बोट उचलेपर्यंतसुद्धा थांबलो नाही.

मतदान झालं त्या रविवारची हकीकत तुला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी कळवलीच. यादीत सहाशे बारा बायका. तीनशे सात मतं हवी होती. आडव्या बाटलीला तीनशे सहा पडली. मतदान घ्यायला आलेल्या साहेबांनी दोनदा मोजलं, बायकांनी तिसऱ्यांदा मोजायला लावलं. तीनशे सहा. बाहेर युवराजची माणसं हलगी घेऊन उभीच होती. आपल्या बायका शाळेच्या पायऱ्यांवर बसल्या, कुणी रडलं नाही. मग यादी पुढं घेऊन कोण कोण आलं नाही ते बघायला लागल्या. अंथरुणाला खिळलेल्या, बाळंतीण, ऊसतोडीला गेलेल्या आणि परत न आलेल्या. आणि मग कुणीतरी तुझं नाव वाचलं. "अण्णाचीच पोरगी आली न्हाय की!" मी चार हातांवर उभा होतो.

तू आधीच फोनवर सांगितलं होतंस, दवाखान्यात दोन सिस्टर आजारी आहेत, सुट्टी मिळत नाही, आणि "एका मतानं काय होतंय, अण्णा?" मीही म्हटलं होतं, काही होत नाही. संध्याकाळी तुझा फोन आला. तू रडत होतीस. माझ्यामुळं झालं, आईचं सगळं माझ्यामुळं वाया गेलं, असं चार-पाच वेळा म्हणालीस. मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, "राहू दे आता." नाही म्हटलं नाही. तुझ्यामुळं नाही, असं म्हटलं नाही. मग तू पंचमीला येणार नाही असा मेसेज टाकलास. कोणत्या तोंडानं येऊ, असं त्यात होतं.

आता नीट ऐक. श्रीनाथ गुरुजींना मी एकोणीस फॉर्म दिले. शेवटची तारीख होती. त्यांनी मोजले, चष्मा काढला आणि विचारलं, "अण्णा, एवढेच ना?" मी म्हटलं, एवढेच. त्यांनी परत विचारलं नाही. विसावा माझ्या खिशात होता. अनुक्रमांक दोनशे चौदा, द्वारका उत्तरेश्वर, वय सत्तेचाळीस, स्त्री. सगळा भरला होता, फक्त कारणाचा रकाना कोरा होता आणि सही नव्हती. त्या यादीत तिचा फोटो आहे, तुला माहीत आहे तो, फोटोवाल्यानं मान वर करा म्हटलं म्हणून चिडलेली. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत ती माझ्यावर चिडत नाही. यादीतल्या फोटोत अजून चिडलेली आहे. मी रोज एकदा ते पान उघडत होतो. वाटलं, एकानं काय होतंय. बघ, तू जे बोललीस तेच मी करून बसलो होतो, आणि तुझ्या आधी.

हिशेब अगदी सोपा आहे, पोरी. तिचं नाव काढलं असतं तर यादीत सहाशे अकरा राहिल्या असत्या, आणि तीनशे सहा मतं अर्ध्याहून जास्त झाली असती. आपण जिंकलो असतो, तू न येतासुद्धा. बाटली आडवी करा म्हणत जी घरोघर फिरली, तिचं नाव मी उभ्या बाटलीच्या बाजूला नेऊन ठेवलं. लिंबाजीला फळ्यावर टांगणारा तो मी.

आणि हे गावाला माहीत नाही असं समजू नकोस. सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी पायऱ्यांवर यादी वाचताना दोनशे चौदावर बोट आलं तेव्हा वाचणारी जराशी थांबली आणि पुढं गेली. मी बघितलं. बायकांनी बघितलं. लिंबाजीनं तर माझ्याकडं बघितलं आणि मग जमिनीकडं. त्यानं मनात आणलं असतं तर एका वाक्यात मला उघडा पाडला असता. कुणी बोललं नाही, कारण माझं दुःख माझं, त्याला हात लावायचा नाही, हे त्यांनी ठरवलेलं होतं. पण हरल्यावर कुणाला तरी दोष द्यावाच लागतो, आणि तू लांब होतीस. मला सांभाळायला त्यांनी तुला पुढं केलं. आणि मी, बाप, त्या आडोशाला अठरा दिवस उभा राहिलो.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच. तुझ्यामुळं हरलो नाही. आज दुपारी मी कारणाच्या रकान्यात 'मयत' लिहिलं आणि सही केली. सत्तावीस वर्षं खडूनं लिहितोय, पण एवढं वाकडं अक्षर कधी आलं नव्हतं. फॉर्म गुरुजींना देऊन आलो. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. परत मतदान मागायला वर्ष थांबावं लागतं, तोवर बार राहणार. तिथून लिंबाजीकडं गेलो. त्याची माफी मागायची तर ती नीट जमली नाही, नुसतंच म्हटलं की उद्यापासून गौरीची बस येईपर्यंत थांब्यावर मी उभा राहतो, रोज. तो गोठ्याकडं बघत म्हणाला, "कोथिंबीर आणायला का?" म्हणजे त्यालाही माहीत होतं. गौरी उद्या कॉलेजला जाणार आहे. जाताना ते पुस्तक परत घेऊन जाईल म्हणाली, तिकीट मी तिथंच ठेवलंय. हे पत्र तुला मिळाल्याचं कळलं की फळ्यावर मी सगळं लिहिणार आहे, माझं नाव घालून. तुला ते दुसऱ्याच्या मोबाइलवर वाचायला लागू नये म्हणून आधी तुला. तू पंचमीला ये. कोणतीही बस धर, मी लिंबाखाली असेन, आणि तू खिडकीतून हात केलास तर मी दुसरीकडं बघणार नाही.

तुझाच, उशिरा सही करणारा,
अण्णा