रस्त्याकडची खोली

मी, या घराची एकटी मालकीण, निवृत्त लघुलेखिका, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवत आहे. माझे डोके शाबूत असल्याचे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले आहे. डोक्याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

१. डावा पाय गुडघ्याखाली कापलेला असल्याने वाटणीत धरू नये. मोठ्या इस्पितळात वर्षानुवर्षे माझी साखर तपासली, पण 'बूट काढा' असे एकानेही म्हटले नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी बूट चमकवायला शिकवले होते. त्या चकचकीत बुटात जखम चिघळली आणि बधिर पायाला पत्ताही लागला नाही.

२. वरची खोली भाच्याला. इस्पितळातून आणल्यावर त्याने मला इथे ठेवले, ते आजतागायत. "मावशी, तुला वर सगळं हाताशी आहे," तो म्हणतो. "जिना सोडून," मी म्हणते. आता त्यानेच इथे राहून पाहावे.

३. खालची रस्त्याकडची खोली, जिथे भाच्याने रंगाचे डबे रचले आहेत, ती आरोग्य केंद्राला. सध्याचे केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे. दम लागणाऱ्यांनी तिथे दम खात चढायचे, ही कोणाची अक्कल ते देव जाणे. इथे साखर आणि रक्तदाब तपासावा, गोळ्या इथेच मिळाव्यात, आणि प्रत्येकाचे बूट-मोजे काढून तळपाय पाहावेत. लाजला तरी.

४. साक्षीसाठी समोरचे शिंपी आज जिना चढून आले आणि धापा टाकत खुर्चीत बसले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला.

"मला काही होत नाही हो, बाई."

"मलाही काही होत नव्हतं," मी म्हटले.

आकडा पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, सही नंतर. आधी शांत बसा. यापूर्वी कधी तपासलंत?"

"केंद्राचा जिना कोण चढणार?"

५. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते. शिंप्यांना तेवढी सवड नाही, आणि मलाही नाही. म्हणून खालच्या खोलीची किल्ली मी आत्ताच डॉक्टरीणबाईंच्या हाती दिली आहे. भाच्याने उद्या डबे हलवावेत. पहिला तळपाय माझा तपासायचा, उरलेला. त्यासाठी मला खाली न्यावे लागेल. कसे, ते भाच्याने ठरवावे.

सही: घरमालकीण

साक्षीदार: शिंपी (बसून, औषध घेतल्यावर), डॉक्टरीणबाई

दिनांक: अकरा मार्च

स्थळ: वरची खोली. मला खाली उतरवल्यास हे खोडून दुरुस्त करावे.