वन्संचा मुक्काम

नेपानगर
ता. ६ जानेवारी २०२५

चि. भारतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पत्र. कागद गिरणीच्या गावात राहते, कागदाला तोटा नाही.

तृप्तीची इन्सुलिनची सुई सोडवायला इंदूरचे डॉक्टर नव्या गोळीची चाचणी घेताहेत म्हणे. लोक नवी चहापत्ती आधी पाहुण्यांवर तपासतात, तू पोटची पोर पुढे केलीस. आणि हा म्हणे लाखात एखाद्या घरात वारशानं येणारा मधुमेह. आमच्या घराण्यात साखर नव्हती. माझ्या पाठच्या गिरधरला झाली ती लग्नानंतर, आणि तुझ्या माहेरी दुकान मावा जिलेबीचं. तो आता गेला, तेव्हा मी काही बोलत नाही.

संक्रांतीला येईन, संध्याकाळच्या गाडीनं परत. मुक्कामाचा आग्रह नको. मला दुसऱ्याच्या घरी झोप येत नाही.

लोभ आहेच, दाखवत नाही इतकंच.
मालूताई


शनवारा, बुऱ्हाणपूर
ता. १८ जानेवारी

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला, गोड बोलणं गाडीतच राहिलं असावं.

तपासणीत माझं रक्त स्वच्छ निघालं. जिलेबी निर्दोष सुटली. तृप्तीच्या जनुकातला दोष ह्यांच्याकडून आलाय. पण साखर त्याच दोषानं झाली याची खात्री पटायला वडिलांकडचं, साखर असलेलं आणखी एक माणूस हवं. नसेल तर चाचणीत घेणार नाहीत, आणि पोरीला जन्मभर सुई. ह्यांच्या रक्ताच्या तुम्ही एकट्याच उरलात, आणि तुमच्या घराण्यात तर साखर नाही. विषय मिटला.

तृप्ती आपली आपण सुई टोचून घेते. मला मात्र रडू आवरत नाही.

राग असला तरी आपलीच,
भारती


नेपानगर
ता. २ फेब्रुवारी

चि. भारतीस,
अ. उ. आ.

इंदूरला सहज गेले होते, साडी बघायला. वाटेत ते हॉस्पिटल लागलं. एका पोरसवदा डॉक्टरनं भरपूर रक्त काढलं आणि वर विचारलं, साखर नि सुई कधीपासून. म्हटलं, नेपानगरला नांदायला आले तेव्हापासून. आई म्हणाली होती, माहेरचं नाव खराब होईल, बोलू नकोस. पुढे गिरधरलाही झाली, आणि तुझी जिलेबी हाताशी होती.

पोरीचं आधी होऊ दे. मग काय सुनावायचं ते सुनाव, तेही पत्रातच, म्हणजे मला मध्ये तोंड घालता येणार नाही.

पोरीला पापा.
मालूताई


शनवारा
ता. २० एप्रिल

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा नि तृप्तीचा दोष एकच निघाला. पोरीला हॉस्पिटलात ठेवून गोळी सुरू केली, इन्सुलिन हळूहळू कमी करत आणलं. परवापासून सुई बंद, साखर ताळ्यावर. डॉक्टर म्हणतात, अजून बरेच महिने बघावं लागेल. त्यांना आनंद झाला तरी कपाळाला आठी पडते. तृप्ती भेटेल त्याला सांगते, आत्यामुळे झालं. मी तिला अडवत नाही, जीव जळतो तरी.

इतकी वर्षं मला वाटायचं, वन्संना माझं घर हलकं वाटतं, म्हणून संध्याकाळची गाडी चुकवत नाहीत. आणि तुम्ही रात्रीची सुई लपवायला पळत होतात.

फ्रीजच्या दारातली तृप्तीच्या इन्सुलिनची जागा रिकामी झाली आहे. तिथे मी दुसरं काही ठेवलेलं नाही. मुक्कामाला या.

लोभ असू द्या. जिलेबी मिळणार नाही.
भारती