पाच लिटरचं इंजिन आणि वाकलेला सांगाडा

४ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार, संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास अरादच्या किल्ल्यासमोर रंजिता मला "खलास" म्हणाली, आणि माझं सगळं तिथेच फिरलं. त्याचाच शेवट म्हणून मी, स्वरूप महादेव तेंडोलकर, वय बावीस, धंदा गॅरेजमध्ये मेकॅनिक, मूळ राहणार तेंडोली, तालुका कुडाळ, सध्या मुहर्रक, बहरीन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, दारू प्यालेलो नाही. डोकं तापलेलं असतं हे खरं, पण ते जन्मापासूनचं आहे, त्यावरून कोणी हा कागद खोटा ठरवू नये.

मृत्युपत्र आजच का, तर आज दुपारी तीनला सखीरच्या ड्रॅग पट्टीवर माझी शर्यत आहे. पाव मैल, सरळ. समोर विवेक, म्हणजे रंजिताचा होणारा नवरा. नावनोंदणीच्या फॉर्मवर 'अपघात झाल्यास कोणास कळवावे' असा रकाना होता. तिथे मला एकच नाव सुचलं, आणि ते लिहायचा हक्क माझा राहिलेला नाही. रकाना कोरा सोडला. त्या रकान्यात न मावलेलं इथे लिहितो.

कलम १. माझी गाडी. २०१६ची मस्टँग, पाच लिटर, आठ सिलिंडर. समोरून ठोकलेली आणि मागून चेपलेली अशी ती माझे मालक हमझाभाई यांच्या गॅरेजात भंगार म्हणून आली आणि मी सात महिने सुट्टीच्या दिवशी तिच्यात घातले. इंजिन शाबूत आहे, ते हमझाभाईंना द्यावं. मागची चाकं ज्यावर बसतात तो सांगाडा मी ताणून सरळ केला, वेल्डिंग केलं, मापंही जुळली. पण एकदा वाकलेलं लोखंड वाकणं विसरत नाही. ताशी एकशेचाळीसपर्यंत गाडी शहाणी असते. एकशेसाठला मागचा भाग डावीकडे सरकतो, आणि पाव मैल संपायच्या आत एकशेसाठ ओलांडावेच लागतात. हे मला आणि हमझाभाईंना ठाऊक आहे. म्हणून सांगाडा कापून भंगारात टाकावा. कोणीही, कितीही स्वस्तात मागितला तरी, चालवायला देऊ नये.

कलम २. माझी निळी वही विवेकला द्यावी. तिच्यात तिन्ही गाड्यांचा हिशेब आहे: माझी मस्टँग, हमझाभाईंची कॅमॅरो आणि विवेकची चॅलेंजर. वही वाचून त्याला निदान कळेल, आपण कशावर बसतो ते. कॅमॅरोचा सांगाडा तिघांत हलका आणि ताठ. इंजिन सहा पूर्णांक दोन लिटरचं, साध्या जुन्या रचनेचं, पण वळणावर तिच्याइतकी सरळमार्गी गाडी नाही. आत बसलं की बाहेरचं दिसत नाही, एवढाच दोष. मस्टँगचं इंजिन लहान, पण वर वर फिरवत गेलं की गातं. चॅलेंजरला वरून सुपरचार्जर, ताकद सातशे अश्वशक्तीच्या वर, आणि खाली जुन्या वळणाचा जडशीळ सांगाडा. हमझाभाईंनी पाव मैल बारा पूर्णांक तीन सेकंदांत काढला, मी बारा पूर्णांक चारमध्ये. विवेकची गाडी साडेअकरात जायला हवी. जात नाही, कारण त्याला सुटता येत नाही. तो पाय दाबतो आणि चाकं जागच्या जागी धूर काढत बसतात.

तो सीफला बँकेत आहे, पुण्याचा. नोव्हेंबरमध्ये तेल बदलायला आला, तेव्हा तो कोण हे मला माहीत झालेलं होतं.

"साहेब, हत्तीला रॉकेट बांधलंय तुम्ही," मी म्हणालो.

"तुझी मस्टँग अपघातातून उठवलेली आहे म्हणे," तो हसून म्हणाला. "शेजारी बसणाऱ्याला हेल्मेट देतोस की तुळशीपत्र?"

"पाव मैल लावा माझ्याशी. मी जिंकलो तर लग्न मोडायचं."

त्याचं हसू गेलं. रागावला मात्र नाही. "अरे, ती काय ट्रॉफी आहे? शर्यत लावू, पण शर्यत म्हणून लावू."

तो बरोबर बोलला. हे मी त्याला कधी माफ करणार नाही, आणि तशी नोंद इथे करून ठेवतो.

कलम ३. हत्यारं. टॉर्क रेंच, सॉकेटचा लाल डबा आणि जर्मन पकड माझ्याबरोबर काम करणाऱ्या तौकीरला. दहा नंबरचा सॉकेट डब्यात नाही. तो तौकीरकडेच आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

कलम ४. रंजिता. तिच्या नावे काही ठेवत नाही, पण कारण लिहिणं भाग आहे. मला बहरीनला येऊन तेव्हा पाचच महिने झाले होते. ती इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. त्या संध्याकाळी मी विचारलं, "तुझ्या बाबांना आपलं सांगशील?" ती म्हणाली, "खलास." तेवढ्यात बाबांचीच गाडी आली, आणि ती हात करून गेली. आमच्या कुडाळात खलास म्हणजे मेला, संपला, विषय मिटला. मी खोलीवर येऊन तिला लिहू नये ते लिहिलं, तिच्या बापावरूनही लिहिलं, आणि तिचा नंबर बंद करून टाकला. अकरा दिवस.

बाराव्या दिवशी, जिच्यावर मी आधीपासून खपत होतो ती मस्टँग हमझाभाईंकडे कायमची मागितली. हो-नाही करत शेवटी त्यांनी टाळी दिली. "खलास. गाडी तुम्हारा."

"खलास मतलब?" मी विचारलं.

"मतलब पक्का. हो गया. तुमको क्या लगा?"

मला काय लागलं ते सांगायला मी तसाच ग्रीसच्या हातांनी अरादला तिच्या घरी गेलो. रंजिता जिन्यात भेटली. तिने त्याच रात्री घरी सांगितलं होतं. बाबा मला भेटायला तयारही झाले होते. मग माझा मेसेज त्यांनीच वाचला.

"मला वाटलं तू नाही म्हणालीस," मी म्हणालो.

"मग विचारायचं ना, स्वरूप. एक शब्द कळला नाही तर माणूस विचारतो." एक पायरी वर चढली आणि म्हणाली, "अर्थ चुकला ते मी समजू शकते. पण जे लिहिलंस ते तर नीट मराठीत होतं."

 त्यानंतर पंधरवड्यात तिच्या बाबांनी विवेकचं स्थळ पक्कं केलं. या चोवीस तारखेला पुण्यात तिचं लग्न आहे आणि मी आज जिंकलो तरी ते आहेच. माझं बरंवाईट झाल्यास तिला कळवू नये.

कलम ५. माझी बहीण शेवंतीताई हिला माझी दहावीची सनद आणि गळ्यातली साखळी. रत्नागिरीच्या कॉलेजात सरांची कॉलर धरून मी दुसऱ्या वर्षी बाहेर पडलो. राहिलेली वर्षं कोणाच्या नावे करता येत नाहीत. ताईचे यजमान, म्हणजे माझे दाजी, विमानतळावर सामानाची गाडी ओढतात. त्यांनी मला इथे आणलं, त्यांना खिडकीजवळचा पलंग. दाजी आत्ता मागे उभे राहून वाचतायत. म्हणतात, "मेल्या, ह्या मृत्युपत्र आसा की गाडयेची जाहिरात? आणि तुझ्या बहिणीक फोन मी करूचो काय?"

होय दाजी, तुम्हीच करायचा.

येणेप्रमाणे माझं जे काही होतं ते वाटून झालं. वर लिहिलेलं माझंच आहे.

स्वरूप महादेव तेंडोलकर (सही)

साक्षीदार १: तौकीर (सही)
साक्षीदार २: हमझा

ठिकाण: मुहर्रक, बहरीन
दिनांक: १० जानेवारी २०२५, शुक्रवार, दुपारी पाऊण वाजता

सहीखाली लिहिणं बरोबर नाही, पण लिहितो. हमझाभाईंच्या नावापुढे सही नाही. त्यांना मराठी येत नाही, तौकीरला येतं, त्याने हिंदीतून वाचून सांगितलं. हमझाभाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि पेन परत दिलं. "मैं साइन करेगा तो मतलब मैंने तुमको जाने दिया," म्हणाले, आणि जुम्म्याच्या नमाजाहून परत आलेल्या लोकांत मिसळून गल्लीतून निघून गेले. दोन साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र चालत नाही, असं तौकीर सांगतो. म्हणजे मरायचीही कागदपत्रं माझी अपुरीच.

 दाजींनी पलंगावर बसून फोनमध्ये ताईचा नंबर काढून ठेवलाय, लावत नाहीत.

मस्टँगची चावी या कागदावर ठेवतो, पंख्याने उडू नये म्हणून. सखीरला इथून चालत जाता येत नाही. विवेक तीन वाजता एकटाच उभा राहील, धूर काढेल आणि जिंकेल. रविवारी माझी शिफ्ट आहे, तोवर कुठेतरी फिरतो. चपला घातल्या. बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.